‘फुन्दान्नि’ वापरायचं कसं? सढळ हाताच्या एका जपानी शब्दाची सविस्तर ओळख

जपानमध्ये रेल्वे स्थानकांवर प्रवासात खायचे डबे विकत मिळतात, त्यांना ‘एकिबेन’ म्हणतात. अशा डब्याचं वेष्टन वाचा, गरम पाण्याच्या झऱ्याजवळच्या एखाद्या मुक्कामाच्या जागेचं माहितीपत्रक वाचा, नाहीतर नव्या घरांची जाहिरात वाचा. एक शब्द हमखास भेटतो: फुन्दान्नि. ‘शुन नो यासाइ ओ फुन्दान्नि त्सुकात्ता...’ म्हणजे हंगामातल्या भाज्या मुबलक वापरून केलेला. शिकणारा शब्दकोश उघडतो, इंग्रजी अर्थ बघतो, वहीत ‘फुन्दान्नि = भरपूर’ असं लिहितो आणि पुढच्या तासाला वर्गात सांगतो, ‘मला फुन्दान्नि मित्र आहेत.’

हे वाक्य मीही बोलून बसले आहे. व्याकरणाची चूक त्यात शोधून सापडत नाही, पण जपानी माणसाला ते ‘मित्रांचा साठा भरपूर आहे, हवे तेवढे वापरा’ असं काहीतरी ऐकू येतं. गडबड झाली ती इंग्रजीवरून वळसा घालून गेल्यामुळे. मराठीतून थेट गेलं तर हा शब्द बराच सोपा आहे, कारण ‘मुबलक’, ‘सढळ हाताने’, ‘हात आखडता न घेता’ असे अर्थाच्या बारीक छटा सांभाळणारे शब्द आपल्या घरातच आहेत. त्या वाटेने जाऊ.

आधी लेखनाबद्दल थोडं. जपानी शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. त्यात ‘ऽ’ दिसला की आधीचा स्वर दुप्पट लांबवायचा. काना लिहिला असला तरी तो जपानीत आखूडच असतो. आपल्या शुद्धलेखनाच्या नियमाने शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ हवी, पण इथे ती मुद्दाम ऱ्हस्व ठेवली आहे. ‘नि’चं ‘नी’ केलं तर जपानी कानाला ठोका वाढल्यासारखा वाटतो. ‘त्सु’ म्हणजे चुलीतला ‘चु’. हा दंत्य च आपल्याला जन्मतःच मिळालेला असतो.

पायरी १ : आधी तोंडाला बसवा

पहिलं अक्षर ‘फु’. ते फुलातल्या ‘फ’सारखं महाप्राण नाही आणि वरचे दात खालच्या ओठाला लावून काढायचा इंग्रजी ‘फ’ही नाही. गरम चहावर फुंकर घालताना दोन्ही ओठ न मिटता जवळ येतात आणि मधून वारा जातो, तो आवाज काढायचा. मराठीतला ‘फुंकर’ शब्द जणू याच्याच सरावासाठी केलेला आहे.

मग येतात दोन अनुनासिकं, आणि बहुतेक जण इथेच घसरतात. जपानीत ‘न्’ हा अर्धा असला तरी त्याला पूर्ण एक ठोका मिळतो. टाळ्या वाजवून म्हणा: फु, न्, दा, न्, नि. पाच टाळ्या झाल्या पाहिजेत. आपण सवयीने ‘फुन्-दान्-नि’ अशा तीनच वाजवतो. हायकूच्या ओळी पाच, सात, पाच ठोक्यांच्या असतात, म्हणजे हा एकटा शब्द हायकूची पहिली ओळ पुरी करतो. ठोके विसरलात तर एवढं आठवा.

शेवटी ‘न्नि’ आहे, ‘नि’ नाही. ‘अन्न’, ‘पन्नास’ म्हणताना आपण न वर जसे थांबतो, तसं थांबायचं. एक न गिळला तर उरतो ‘फुन्दानि’, आणि असा शब्द नाही.

जाता जाता एक आनंदाची गोष्ट. जपानीतला हा ‘न्’ पुढच्या अक्षराप्रमाणे रंग बदलतो: ‘प’, ‘ब’ आले की त्याचा ‘म्’ होतो, म्हणून सोन्याचा वर्ख म्हणजे ‘किम्पाकु’ आणि वर्तमानपत्र म्हणजे ‘शिम्बुन’. आपला अनुस्वार ‘गंगा’, ‘चंपा’, ‘आनंद’मध्ये वेगळं काय करतो? इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा नियम पाठ करावा लागतो, आपल्याला तो आठवायचा असतो इतकंच.

पायरी २ : मूळ समजून घ्या

शब्द आज बहुतेक वेळा नुसत्या हिरागाना अक्षरांत लिहितात, चित्रलिपीत नाही. त्यामुळे त्याचं मूळ डोळ्यांना दिसत नाही. पण जपानी शब्दकोश ‘फुन्दान’ हा ‘फुदान’ या शब्दाचा उच्चार बदलून झालेला शब्द मानतात. ‘फुदान’ दोन चिन्हांनी लिहायचा: पहिलं ‘नाही’, दुसरं ‘तोडणं, खंडणं’. न खंडलेला. म्हणजे मराठीत सरळ ‘अखंड’.

ही जोडी नुसती अक्षरांची नाही. अमिदा बुद्धाचं नाव ठरलेल्या दिवसांपर्यंत रात्रंदिवस न थांबता घ्यायचं, या साधनेला ‘फुदान नेम्बुत्सु’ म्हणतात. क्योतोजवळच्या हिएइ पर्वतावर तेंदाई पंथाच्या मठात ती नवव्या शतकापासून चालत आली. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात पहाऱ्याला बसलेल्या माणसाला त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

‘फुदान’ची आणखी भावंडं ओळखून ठेवा, कारण वाचताना ती फुन्दान्निशी गल्लत घालतात. जपानच्या राज्यघटनेच्या १२व्या कलमात म्हटलं आहे की हक्क आणि स्वातंत्र्य लोकांनी ‘फुदान नो दोर्‍योकु’ने, अर्थात अखंड प्रयत्नाने, राखायचे आहेत. रोज न चुकता घडतं ते नेहमीचं, म्हणून ‘फुदान’चा ‘एरवी, नेहमी’ असाही अर्थ झाला (तेव्हा पहिलं चिन्ह वेगळं वापरतात), आणि घरी घालायचे साधे कपडे ‘फुदानगि’ झाले. ‘तोडणं’चा दुसरा अर्थ ‘निर्णय करणं’. म्हणून ज्याचं काहीच ठरत नाही अशा माणसाला ‘यूऽजूऽ फुदान’ म्हणतात.

आता ‘अखंड’वरून ‘मुबलक’वर कसं आलो? झरा खंडत नाही, म्हणून पाणी जपून वापरायची वेळ येत नाही. एवढ्या एका वाक्यात शब्दाचा सगळा स्वभाव आला. ‘फुन्दान’ मोजून किती आहे ते सांगत नाही. संपेल ही धास्ती नाही, असं सांगतो.

पायरी ३ : एकच प्रश्न विचारायला शिका

मराठीतली दोन वाक्यं घ्या. ‘विहिरीला पाणी मुबलक आहे.’ इथे साठा दिसतो, कुणाचा हात दिसत नाही. ‘आजीने सढळ हाताने तूप वाढलं.’ इथे हात दिसतो. बरणीत तूप किती उरलं होतं ते आजीलाच ठाऊक. बरणी तळाला गेली असली तरी वाक्य खरंच राहतं.

फुन्दान्नि या दोन्हींच्या मध्ये उभा आहे. साठा आहे, म्हणून हात मोकळा आहे. दोन्ही गोष्टी एकदम. त्यामुळे शब्द वापरण्याआधी स्वतःला विचारायचं: ‘इथे हात आखडता घ्यावा लागू शकला असता का, आणि तो लागला नाही का?’ दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर बिनधास्त वापरा.

मित्रांच्या वाक्याला हा प्रश्न लावून बघा. मित्र वापरताना कुणी हात आखडत नाही, कारण मित्र वापरायची वस्तू नाही. वाक्य बाद. ‘काल पाऊस खूप पडला’ यालाही लावा. पावसाच्या हाताचा प्रश्नच नाही, म्हणून तेही बाद. ‘लाकूड महाग असूनही घराला आतून खूप वापरलं आहे’: इथे हात आखडता आला असता, तो आखडला नाही. चपखल.

या मोकळ्या हाताकडे बोलणारा कौतुकाने बघत असतो. म्हणून फुन्दान्निबरोबर सहसा चांगल्या, ताज्या, महाग किंवा अभिमानाच्या गोष्टी येतात: हंगामी भाज्या, समुद्रातले मासे, सोन्याचा वर्ख, लाकूड, सूर्यप्रकाश, छायाचित्रं, वेळ, निधी. नुसतं मीठ सढळ हाताने घातलं तर ते फुन्दान्नि होत नाही. आपल्याकडेही ‘तिचा मिठाचा हात सढळ आहे’ ही तारीफ नसते, तक्रार असते.

वस्तू डोळ्यांना दिसलीच पाहिजे असं मात्र नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेलं ‘दाशि’ हे सूप कात्सुओबुशि, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या माशाचे पातळ पापुद्रे, उकळत्या पाण्यात घालून गाळून करतात. वाटीत येतं ते फिकट सोनेरी पाणी. तरी ‘कात्सुओबुशि ओ फुन्दान्नि त्सुकात्ता दाशि’ म्हणता येतं, कारण करणाऱ्याने हात राखला नाही हे सांगायचं असतं.

पायरी ४ : वाक्याचा साचा मराठीतूनच उचला

या शब्दाचं सगळ्यात जास्त भेटणारं रूप असं आहे:

(वस्तू) ओ फुन्दान्नि त्सुकात्ता (नाम)

‘ओ’ हा कर्माचा प्रत्यय. ‘त्सुकात्ता’ म्हणजे ‘वापरलं’, पण नामाच्या आधी आलं की ‘वापरलेलं’. आता शब्दाखाली शब्द ठेवा:

यासाइ ओ / फुन्दान्नि / त्सुकात्ता / ऱ्योऽरि
भाज्या / मुबलक / वापरलेला / पदार्थ

क्रम तोच! इंग्रजीतून शिकणारा आधी पदार्थ लिहितो, मग मागून शेपूट जोडतो आणि जपानीत ते उलटं करताना डोकं खाजवतो. आपल्याकडे ‘-लेला’ आहे, तो जपानीसारखाच नामाच्या पुढ्यात बसतो. म्हणून वाक्य मनात मराठीत करा, ‘-लेला’ आला की पाठोपाठ नाम ठेवा आणि जपानी शब्द बसवत जा. मराठीत नामाच्या लिंगाप्रमाणे ‘वापरलेला, वापरलेली, वापरलेलं’ करावं लागतं. जपानीत ‘त्सुकात्ता’ सगळ्यांना एकच.

साच्यात भरायला खरी उदाहरणं घ्या, म्हणजे लक्षात राहतात. तोक्योचं नवं राष्ट्रीय स्टेडियम २०१९मध्ये पूर्ण झालं. त्याच्या रचनेत वास्तुविशारद केंगो कुमा होते आणि छज्जांसाठी जपानच्या सगळ्या ४७ प्रांतांतून लाकूड आणलं होतं. त्याबद्दल म्हणायचं: ‘मोकुझाइ ओ फुन्दान्नि त्सुकात्ता सुताजिआमु’, लाकूड मुबलक वापरलेलं स्टेडियम.

दुसरं, निक्कोचं तोशोगू हे देवस्थान, कोरीवकाम आणि सोन्याने नुसतं लखलखणारं: ‘किम्पाकु ओ फुन्दान्नि त्सुकात्ता जिन्जा’. या वर्खाची गंमत अशी की त्याची जाडी एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी असते आणि जपानमधला जवळपास सगळा वर्ख कानाझावा शहरात ठोकून तयार होतो. सोनं इतकं पातळ करायचं आणि मग ते सढळ हाताने लावायचं!

‘असणं’ या अर्थाचा दुसरा साचाही आहे: (वस्तू) गा फुन्दान्नि आरु. ‘जिकान गा फुन्दान्नि आरु’ म्हणजे हाताशी वेळ भरपूर आहे, घाई नाही. ‘योसान गा फुन्दान्नि आरु’, निधीची चणचण नाही. बेप्पूसारख्या गरम झऱ्यांच्या गावाबद्दल ‘ओयु गा फुन्दान्नि वाकिदेरु’, गरम पाणी मुबलक उसळून वर येतं, हे वाक्य फार शोभतं, कारण तिथे शब्दाचं मूळच जागं होतं: न खंडणारा झरा.

नकारार्थीही चालतो, फक्त तो सहसा ‘वापरता येत नाही’ असा येतो. ‘ताकाइ झाइऱ्योऽ वा फुन्दान्नि त्सुकाएनाइ’, महागडं साहित्य हवं तसं वापरता येत नाही. म्हणजे हात आखडावा लागला.

‘फुन्दान ना’ असं विशेषण करून नामाला जोडता येतं, ‘फुन्दान ना शिकिन’ (मुबलक भांडवल) असं क्वचित दिसतं. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका. दहातल्या नऊ वेळा ‘नि’ लावूनच काम होतं, असा माझा वाचनातला अनुभव आहे.

पायरी ५ : क्रियापदांची जोडी जमवा

फुन्दान्नि एकटा येत नाही, ठरावीक क्रियापदांच्या सोबतीने येतो. सगळ्यात आधी अर्थात ‘त्सुकाउ’, वापरणं.

मग ‘मोरिकोमु’. यातला ‘मोरु’ म्हणजे ताटात, वाडग्यात रास करून वाढणं; ‘कोमु’ने ‘आत भरणं’ येतं. मूर्त वस्तूंपेक्षा हे क्रियापद योजना, चित्रपट, कार्यक्रम यांना जास्त लागतं: ‘आकुशोन ओ फुन्दान्नि मोरिकोन्दा एइगा’, मारामारीची दृश्यं ठासून भरलेला चित्रपट.

‘तोरिइरेरु’ म्हणजे आत घेणं, सामावून घेणं. घरांच्या जाहिरातीत ‘हिकारि ओ फुन्दान्नि तोरिइरेता इए’, उजेड मुबलक आत घेतलेलं घर. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. तिथे फिरताना हे क्रियापद पाठ करा: ‘मिझु ओ फुन्दान्नि तोरिइरेता निवा’, पाण्याला भरपूर जागा दिलेली बाग. वाहतं पाणी, पूल, तळं समोर असतं, शब्द आपोआप चिकटतो.

‘चिरिबामेरु’ म्हणजे जडवणं, विखरून बसवणं. खड्यांना लागतं. ‘योऽइ सुरु’, तयारी ठेवणं, हेही चालतं. एवढी पाच पुरेत.

‘खाणं’, ‘झोपणं’, ‘हसणं’ ही क्रियापदं या यादीत नाहीत, हे ध्यानात आलं का? ‘फुन्दान्नि ताबेता’ (मुबलक खाल्लं) कानाला खटकतं. पोटभर खाण्याला, मनसोक्त झोपण्याला शेजारचे दुसरे शब्द आहेत.

पायरी ६ : शेजाऱ्यांपासून वेगळा काढा

ही पायरी लांब आहे. ‘भरपूर’च्या गल्लीत जपानी भाषेने बरीच बिऱ्हाडं वसवली आहेत, आणि प्रत्येकाला मराठीत एक बरोबरीचा सापडतो. सापडलेला बरोबरीचा शब्द हीच आपली खूण.

‘ताप्पुरि’ सगळ्यात जवळचा शेजारी, आणि गोंधळ त्याच्याशीच सगळ्यात जास्त. ताप्पुरिच्या डोक्यात एक माप असतं आणि ते माप काठाच्या वर भरलेलं असतं. पावाला लोणी ‘ताप्पुरि नुरु’, भरपूर फासायचं. झोप ताप्पुरि घ्यायची. त्याला आकडाही चालतो: ‘ताप्पुरि निजिकान’ म्हणजे चांगले दोन तास. मराठीतला हा ‘चांगले’ बघा, ‘चांगले दोन तास ताटकळलो’ यात चांगलं काहीच नसतं, माप पुरेपूर भरलं एवढंच असतं. ताप्पुरि नेमका तसा. फुन्दान्निला आकडा चालत नाही. शिवाय ताप्पुरि नामाच्या पाठीला थेट चिकटतो: ‘जिशिन ताप्पुरि’ आत्मविश्वासाने ओतप्रोत, ‘हिनिकु ताप्पुरि’ उपरोधाने भरलेलं, मेन्यूवर ‘यासाइ ताप्पुरि सूऽपु’. फुन्दान असा चिकटत नाही.

दोघंही चालतील अशी वाक्यं पुष्कळ आहेत, तेव्हा फरक कुठे असतो? एका वाडग्यात भाजी काठोकाठ आहे, हे सांगायचं तर ताप्पुरि. स्वयंपाकघरात भाज्यांना कसर केली नाही, हे सांगायचं तर फुन्दान्नि. पहिला खाणाऱ्याच्या बाजूने बोलतो, दुसरा करणाऱ्याच्या. घरात आई मुलाला ताप्पुरि म्हणेल. माहितीपत्रक फुन्दान्नि म्हणेल.

‘दोस्सारि’ म्हणजे ढीगभर. त्यात वजन आहे, धप्पकन समोर ठेवल्याचा आवाज आहे. शेजाऱ्यांनी संत्र्यांसारखी मिकान आणून दिली: ‘मिकान ओ दोस्सारि मोरात्ता’. शाळेने गृहपाठ ढीगभर दिला तरी दोस्सारि. कौतुक असेलच असं नाही.

‘होऽफु’ला ‘विपुल’ म्हणा. साठ्याची नोंद, हाताचा पत्ता नाही. ‘बितामिन शि गा होऽफु’, क जीवनसत्त्व विपुल. अनुभव, ज्ञान, खनिजं यांना होऽफु लागतो. ‘तिला फुन्दान्नि अनुभव आहे’ असं म्हणायचा मोह झाला की इकडे वळा: ‘केऽकेन गा होऽफु’.

‘ओशिमिनाकु’ या शब्दात उलट सगळा हातच आहे. ‘ओशिमु’ म्हणजे जीव तुटणं, देववत नसणं, ‘नाकु’ने नकार. हात आखडता न घेता. प्रेम, श्रम, शिकवणं ओशिमिनाकु देतात, आणि मैफल संपल्यावरच्या भरभरून टाळ्या म्हणजे ‘ओशिमिनाइ हाकुशु’. साठा कमी असतानाही दिलं तर ते ओशिमिनाकु होतं, फुन्दान्नि होत नाही. बरणी तळाला गेलेली असताना तूप वाढणारी आजी आता कुठल्या शब्दात बसते ते कळलं असेल.

‘झेऽताकु नि’ म्हणजे चैनीने. बेत बघून तो कौतुकही होतो आणि टोमणाही. ‘नामिनामि’ हे काठोकाठ, फक्त द्रवाला. साकेचा पेला नामिनामि भरतात. ‘जुन्ताकु’ ऑफिसातला, भांडवल आणि निधीपुरता. ‘ताकुसान’ आणि ‘इप्पाइ’ हे रोजचे ‘खूप’ आणि ‘पुष्कळ’. अडलात की खुशाल ताकुसान म्हणा, कुणी हसणार नाही. मित्रांना तोच लागतो.

आणि एक वाक्प्रचार, ज्याच्या प्रेमात पडायला होतं: ‘युमिझु नो योऽ नि त्सुकाउ’. ‘यु’ गरम पाणी, ‘मिझु’ गार पाणी; पैसा गरम-गार पाण्यासारखा वापरणं. आपण म्हणतो पैसा पाण्यासारखा खर्च केला. हे दोन देश एकमेकांना न विचारता एकाच नळापाशी पोचले. पण यात उधळपट्टीचा ठपका आहे, फुन्दान्नित तो नाही. ‘लग्नात त्यांनी पैसा फुन्दान्नि वापरला’ म्हटलं तर बोलणाऱ्याला ते आवडलं आहे असा समज होईल. नावं ठेवायची असतील तर युमिझु म्हणा.

पायरी ७ : सूर सांभाळा

हा शब्द जुना नाही, अवघडही नाही, पण त्याला किंचित छापील वास आहे. वेष्टनं, मेन्यू, टीव्हीवरचे खाण्याचे कार्यक्रम, पर्यटनाचा मजकूर, हे त्याचं माहेर. मित्राशी गप्पा मारताना सारखा आला तर माणूस जाहिरात वाचून दाखवतोय असं वाटतं.

आणखी एक सावधगिरी. स्वतः केलेला पदार्थ पाहुण्यांपुढे ठेवताना ‘यात मी काजू फुन्दान्नि घातलेत’ म्हणू नका. मराठी घरात हे प्रेमाने चालून जातं, जपानी रीतीत ती स्वतःचीच पाठ थोपटणं होतं. दुसऱ्याच्या हाताचं, दुकानाचं, एखाद्या प्रदेशाच्या पाककलेचं वर्णन करताना मात्र मोकळेपणाने वापरा.

पायरी ८ : उलट दिशेने, जपानीतून मराठीत

भाषांतर करणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की मराठी मजकूर ‘भरपूर, भरपूर’ने भरून जातो. उपाय वर आलाच आहे: वाक्यात साठ्यावर भर आहे की हातावर, ते बघा. ‘गरम पाणी फुन्दान्नि’ असेल तिथे ‘मुबलक’. ‘भाज्या फुन्दान्नि वापरलेल्या’ला ‘सढळ हाताने घातलेल्या’. चित्रपटात दृश्यं असतील तर ‘रेलचेल’ हा शब्द काढा, तो फार दिवस कोपऱ्यात पडून असतो: ‘मारामारीच्या दृश्यांची रेलचेल’. खडे जडवले असतील तर ‘हिऱ्यामाणकांनी मढवलेला’ म्हटलं की फुन्दान्नि त्यातच विरघळतो, वेगळा शब्द लागत नाही. दर वेळी शब्दाला शब्द दिलाच पाहिजे असं नाही.

पायरी ९ : सराव

जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हा शब्द बहुतेक पुस्तकांत सर्वांत वरच्या, एन-१ पातळीत सापडेल. २०१०मध्ये परीक्षेचं स्वरूप बदललं तेव्हापासून शब्दांची अधिकृत यादी निघत नाही, त्यामुळे पातळीवरून फार वाद घालू नका. एन-१च्या परीक्षेत एक प्रश्नप्रकार असा असतो की एकच शब्द चार वाक्यांत देतात आणि योग्य वापराचं एक वाक्य निवडायचं असतं. असा प्रश्न स्वतः तयार करणं हा माझ्या मते सगळ्यात चांगला अभ्यास. हा घ्या नमुना:

१. किनोऽ वा फुन्दान्नि नेता. (काल झोपणं)
२. कोऽएन नि हितो गा फुन्दान्नि इरु. (बागेत माणसं असणं)
३. शाशिन ओ फुन्दान्नि त्सुकात्ता होन. (छायाचित्रं वापरलेलं पुस्तक)
४. फुन्दान्नि निजिकान मात्ता. (दोन तास वाट बघणं)

तिसरं बरोबर. पहिल्यात आणि चौथ्यात ताप्पुरि हवा, दुसऱ्यात ताकुसान. का, ते मोठ्याने सांगता आलं पाहिजे. नुसतं ओळखता आलं तर परीक्षेच्या दिवशी विसरतं.

त्यानंतर आठवडाभर रोज एक खरं वाक्य गोळा करा. जपानी उपाहारगृहांची आणि गावांची संकेतस्थळं त्यासाठी खाण आहेत. ज्यांना खोलात जायचं आहे त्यांच्यासाठी जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने आधुनिक लिखित जपानीचा सुमारे १० कोटी शब्दांचा संग्रह उभारला आहे, नोंदणी करून तो चाळता येतो. फुन्दान्नि शोधा आणि त्याच्या लगेच पुढे कोणतं क्रियापद येतं तेवढंच वहीत उतरवा. अर्थ लिहू नका. दहाव्या-बाराव्या ओळीला पायरी ५ तुमच्या अक्षरात तयार झालेली दिसेल.

शेवटचा सराव आपल्या ताटावरचा. ओळखीचा कुणी जपानी माणूस मालवणला किंवा गोव्याला निघाला आहे आणि तिथलं जेवण कसं असतं विचारतो आहे. ओलं खोबरं म्हणजे ‘कोकोनात्त्सु’, मसाले म्हणजे ‘सुपाइसु’, मासे म्हणजे ‘साकाना’. नारळ तिथे परसात उभा असतो, वाटणाला कुणी हात राखत नाही. साठाही आहे आणि हातही मोकळा. ‘कोकोनात्त्सु ओ फुन्दान्नि त्सुकात्ता ऱ्योऽरि देसु’ म्हणून मोकळे व्हा. मग तो विचारेल, तिखट असतं का. त्याला उत्तर देताना मात्र फुन्दान्नि वापरू नका, सरळ ‘काराइ देसु’ म्हणा आणि सोलकढी मागवून ठेवा.